सुरळीच म्हणायचं असतं

आमच्या घरात भिंतीवरची पाल चुकचुकली की बोलणारा माणूस मध्येच थांबतो आणि बोटानं जमिनीवर तीनदा टकटक करतो. म्हणजे आत्ता जे बोललो ते खरं. माझी आजी करायची, आई करायची, मीही करतो. या वयात आता काय सुटणार? पण बोट जमिनीला लागलं की देगावकर डॉक्टर आठवतात, आणि मग उरलेला दिवस काही धड जात नाही.

तसे ते माणसांचे डॉक्टर नव्हते, आणि कागदावर बघितलं तर गुरांचेही नव्हते. बहात्तरच्या दुष्काळात भूमच्या बाजूला गुरांची छावणी पडली, तिथं ते पशुधन पर्यवेक्षक म्हणून आले. पुढं आमच्या गावात दूध सोसायटी निघाली आणि तिच्या शेजारच्या खोलीत गुरांचा छोटा दवाखाना निघाला, तेव्हा ते तिथं राहिले. मी सोसायटीचा सेक्रेटरी. सेक्रेटरी म्हणजे सकाळ-संध्याकाळ दूध मापायचं, दुधात काचेची नळी बुडवून डिग्री बघायची, पाणी घातलेल्याला पाणी घातलंय म्हणून सांगायचं आणि वर त्याच्याच शिव्या खायच्या. त्यांच्या आणि माझ्या खोलीत एकच भिंत, आणि तिला एक खिडकी. आठ-नऊ वर्षं आमचं बोलणं त्या खिडकीतूनच झालं.

अंगानं काटकुळे, अर्ध्या बाह्यांचा खाकी सदरा, अंगाला कायम फिनेलचा वास. मूळचे तुळजापूरचे. घरात पिढ्यान्‌पिढ्या देवीची पूजाअर्चा, थोरले भाऊ तेच करत होते, हे मात्र सायन्स शिकून बाहेर पडलेले. कुणी काही सांगायला लागलं की ते बोलणं पुरं होऊ द्यायचे आणि शांतपणे एवढंच विचारायचे, "बघितलं का ऐकलं?" म्हैस नजरेनं आटली म्हणा, शेजारणीनं करणी केली म्हणा, की मंत्री येणार म्हणा. बघितलं का ऐकलं? निम्मं गाव त्यांच्याशी बोलायचं टाळायचं ते त्यामुळंच. मीसुद्धा कधीकधी खिडकी लोटून घ्यायचो.

त्यांच्याकडं एक घोरपड होती. आता घोरपड पाळली तर जंगल खातं धरून नेईल, तेव्हा कायदा कुणाला ठाऊक होता? ती आली त्याच दुष्काळात. पाझर तलावाच्या कामावरून एक गडी घोरपड काठीला लटकावून चालला होता, तिचे चारी पाय पाठीवर आवळून बांधलेले. घरी रेशनवरच्या तांबड्या मिलो ज्वारीची भाकरी, तिच्याबरोबर तेवढंच कालवण. डॉक्टर बघायला जवळ गेले तसा गडी म्हणाला, लांब ऱ्हावा सायब, लई इखारी असती, जिभंतच इख असतं हिच्या. डॉक्टरांनी विचारलं, मग खायला कशाला नेतोस? गडी विचारात पडला आणि म्हणाला, शिजवल्यावर जातंय की. डॉक्टरांनी आपला डबा त्याच्या हातात दिला, दुसऱ्या दिवशीचाही कबूल केला आणि घोरपड ठेवून घेतली. पुढं कित्येक वर्षं ते हे सांगून हसायचे. म्हणायचे, आपल्या लोकांचं कसं बघ भानुदास, इखारी आहे असंही मानायचं आणि रस्साही करायचा.

दवाखान्यामागं गुरांना पाणी पाजायची एक फुटकी दगडी डोण होती. तिच्यात ती घोरपड कमरेला सुतळी बांधून ठेवलेली. दिवसभर मान वर करून उन्हात पडायची, अंडी दिली की गिळायची, आणि बाकी कशाशी देणंघेणं नाही. म्हणून डॉक्टरांनी तिचं नाव ठेवलं चेअरमन. आमच्या खऱ्या चेअरमनच्या कानावर ते गेलं, तो चार महिने त्यांच्याशी बोलला नाही. डॉक्टरांना ते चार महिने बरे गेले.

एकदा अंडं देताना चेअरमननं त्यांचा अंगठाच धरला. झालं. घोरपड चावलेला माणूस पाणी मागत नाही, हे आमच्याकडं पोरासोरांनाही पाठ. संध्याकाळपर्यंत दवाखान्यापुढं माणसं जमली. दोघं-तिघं तर माती द्यायला आल्यासारखे खांद्यावर टॉवेल टाकून आले होते. डॉक्टर पायरीवर बसून पट्टी बांधलेल्या अंगठ्यानं भाकरी मोडत होते. ते म्हणाले, विष नाही, दात आहेत. दातानं फाटतं, फाटल्या जागी घाण जाते, म्हणून साबणानं धुवायचं आणि धनुर्वाताचं इंजेक्शन घ्यायचं. एवढंच. ती जीभ काढते ती वास घ्यायला, विष सोडायला नाही. लोक जरा हिरमुसलेच. इतक्या लांबून आले आणि माणूस धडधाकट जेवतोय!

ते नुसते 'विष नाही, विष नाही' करणारे असते तर सोपं होतं. एकदा दुधाच्या भरल्या कॅनमध्ये पाल मरून पडलेली निघाली. रांगेतल्या बायका तोंडाला पदर लावून मागं सरल्या. दोघींना तर दूध न पिताच मळमळायला लागलं. डॉक्टर पलीकडच्या खोलीतून आले, पाल शेपटीला धरून बाहेर काढली आणि म्हणाले, घरातल्या पालीत विष नसतं. सगळ्यांचे चेहरे उजळले. एकजण म्हणाला, मग द्या की हे भूमच्या डेअरीला लावून. डॉक्टर म्हणाले, ओता गटारीत. विष नाही, पण घाण आहे, घाणीनंही पोरं हगवणीनं मरतात. विष नाही तर ओतायचं कशाला, आणि ओतायचं तर विष नाही कसं, यावर गावात आठवडाभर वाद झाला. मला तेव्हाच वाटलं होतं, हा माणूस खरं सांगतो, पण खरं ऐकायला लागतं तेवढं बळ आमच्यात नाही. दिवसभर रोजगार हमीवर खडी फोडलेल्या माणसाला एकच गोष्ट सांगावी लागते. दोन सांगितल्या की त्यातली सोयीची घेऊन तो घरी जातो.

पारूबाई मात्र दोन्ही गोष्टी घेऊन जायची. बौद्धवाड्यातली. नवरा पुण्याकडं कामाला गेला तो तिकडचाच झाला, आणि लेक कळंबला बोर्डिंगात शिकत होती. सगळा संसार एका म्हशीवर. ती सभासद झाली तेव्हा गावातल्या काहीजणांनी कुरकुर केली, की तिकडचं दूध वेगळ्या कॅनमध्ये घ्या. डॉक्टर खिडकीतून म्हणाले, "म्हशीची जात बघितलीय का ऐकलीय?" मी तिचं दूध सगळ्यांच्या कॅनमध्ये ओतलं. त्यात माझं शौर्य काही नव्हतं, डॉक्टर खिडकीत उभे होते म्हणून ओतलं. दुसऱ्या दिवशी ओततानाही मी आधी खिडकीकडंच बघितलं.

दूध घातल्यावर पारूबाई डोणीपाशी थांबायची. घोरपडीकडं बघत डॉक्टरांना काहीबाही विचारायची. सरडा मान हलवून रगत पितो का? पाल अंगावर पडली तर खरंच काय होत न्हाय? सापसुरळी नुसती पायावरून गेली तरी माणूस वाळतो म्हणत्यात, ते? डॉक्टर एकेक सांगायचे. सरडा रक्त पीत नाही. पाल पडली तर अंग धुवा. सुरळीला विष नसतं, आणि ती सहसा चावतच नाही, पळून जाते बिचारी. ती मान डोलवायची. एकदा म्हणाली, तुमी देवीच्या दारातलं असून सोडलं, आमी बी समदं सोडलं, आपलं जमायचंच. डॉक्टर त्या दिवशी खुशीत होते. मला म्हणाले, गावात एक माणूस तरी ऐकतंय रे.

मग ते वर्ष आलं. पाऊस नावाला पडला, कडबा मिळेना, दुधाच्या रांगेत निम्मीच माणसं. त्या वर्षी सगळेच चिडके झालो होतो. एका सकाळी मी खिडकीशी बसून डॉक्टरांना सांगत होतो, की दिवाळीच्या आधी एक तरी पाऊस पडणार बघा. वर पाल चुकचुकली. माझं बोट आपोआप टेबलावर वाजलं. डॉक्टर हसत सुटले, इतके की दूध घालायला आलेली माणसंही हसली. म्हणाले, "पाल खोट्यावरसुद्धा चुकचुकते, भानुदास. तिला माशी हवी असते, तुझी साक्ष नको." मला ते लागलं. माणसांत हसायला नको होतं.

त्यानंतर दोनच दिवसांनी पारूबाई उशिरा आली. एका हातात दुधाची बरणी, दुसऱ्या हाताच्या बोटाला हळद-चुना लावून बांधलेली चिंधी. खिडकीपाशी उभी राहून म्हणाली, कडब्याची पेंढी उपसताना बोटाला सुरळीनं धरलं.

"बघितलं का ऐकलं?" डॉक्टरांनी विचारलं.

"बघितलं की. सुरळीच."

डॉक्टरांनी चिंधी सोडली. हळद-चुन्याचा लगदा बसलेला, खालचं काही दिसेना. बोट थोडं सुजलं होतं. त्यांनी धुतलं तरी सुजेत दातांची खूण नीट कळेना. टिंक्चर लावलं, दुसरी पट्टी बांधली आणि म्हणाले, सुरळीला विष नसतं पारूबाई, तुम्हाला तर ठाऊक आहे, जा घरी, म्हशीला पाणी पाजा. ती 'व्हय' म्हणाली आणि गेली.

इथं मला एक गोष्ट सांगितली पाहिजे. आमच्याकडं साप चावला तर सापाचं नाव घेत नाहीत. नाव घेतलं की चढतं, असं मानतात. कुणी म्हणतं पान लागलं, कुणी म्हणतं किरडू, आणि आमच्या गावच्या बाया म्हणतात सुरळीनं धरलं. खरी सुरळी कुणाला धरतच नाही, त्यामुळं ऐकणारा काय ते समजून जातो. तुळजापूरच्या माणसाला हे ठाऊक असायचं कारण नव्हतं. मी याच मातीतला. मी खिडकीच्या अलीकडं माप हातात धरून उभा होतो, आणि मी समजलो होतो.

माझ्या मनात शंकेची पाल चुकचुकली. पण मी बोललो नाही. का नाही बोललो, हे मी स्वतःला इतक्या वेळा विचारलंय की उत्तर झिजून गेलंय. डॉक्टर इतका शिकलेला माणूस, त्यांना कळलं असेल, असं वाटलं. रांग खोळंबली होती. पण खरं कारण असं की परवा माणसांत हसले होते, आता पुन्हा हसतील, म्हणतील बघितलं का ऐकलं. तेवढ्यासाठी मी माप भरलं आणि पुढच्या माणसाला हाक मारली.

दुसऱ्या दिवशी ती दूध घेऊन आली. हो, आली. हात कोपरापर्यंत सुजलेला, दुसऱ्या हातानं बरणी टेबलावर ठेवली आणि पदरानं तोंड पुसलं तर पदराला रक्त लागलं. हिरड्यांतून येत होतं. डॉक्टर खिडकीत होते. त्यांचा चेहरा मी तसा आधी कधी बघितला नव्हता. ते खिडकीतून बोलले नाहीत, दारातून पळत आले. दुधाचा टेम्पो उभाच होता. कॅन उतरवले, तिला मागं सतरंजीवर निजवलं आणि धाराशिवला सरकारी दवाखान्याकडं निघालो. तिचं डोकं धरायला माणूस हवा म्हणून मीही बसलो.

वाटेत डॉक्टरांनी विचारलं, पारूबाई, खरं सांगा, काय होतं ते? तिनं आधी मान हलवली. मग हळू आवाजात म्हणाली, आखूड होतं, अंगाला अंग घासून करकर वाजत होतं. म्हणजे फुरसं. डॉक्टरांनी डोळे मिटून घेतले.

"मग काल सुरळी का म्हणालात?"

"सुरळीच म्हणायचं असतं, डाक्टर. नाव घेत्यात व्हय?" थोड्या वेळानं म्हणाली, "देव टाकलं, पर भ्याव न्हाय टाकता आलं. मला वाटलं, तुमाला ठावं असंल."

माझ्याकडं तिनं बघितलं नाही. बघितलं असतं तर बरं झालं असतं, असं मला अजून वाटतं. धाराशिवच्या डॉक्टरांनी इंजेक्शनं दिली, रक्त चढवलं, जमेल ते सगळं केलं. फार उशीर झालाय, एवढंच म्हणाले. तिसऱ्या दिवशी ती गेली. लेकीला मामा घेऊन गेला. पुढं त्या पोरीचं काय झालं मला माहीत नाही. विचारायचं धाडस झालं नाही.

परत आल्यावर डॉक्टर दोन दिवस खोलीतून बाहेर आले नाहीत. तिसऱ्या दिवशी सकाळी खिडकीत आले. दाढी वाढलेली. म्हणाले, सुरळी चावत नाही हे मीच गावाला सांगत फिरायचो. मग चावली म्हटल्यावर मला कळायला नको होतं? मी रिकामं माप पुसायला घेतलं. मग त्यांनी विचारलं, "भानुदास, तुला माहीत होतं का रे, तुमच्याकडं असं म्हणतात ते?"

"न्हाय," मी म्हणालो. "बायकांचं बोलणं, मला काय ठाऊक."

तेव्हा पाल चुकचुकली नाही. मी मात्र कान देऊन ऐकत होतो.

गावानं डॉक्टरांना दोष दिला, पण भलताच. घोरपड हाताळलेल्या हातानं त्यांनी जखम धुतली, घोरपडीचं इख तिच्या अंगात गेलं, असं गावात ठरलं. फुरशाचं नाव कुणी घेईना, घोरपडीचं सगळे घ्यायला लागले. म्हशीच्या कासेला त्यांनी हात लावू नये म्हणून बाया गुरं आणायच्या बंद झाल्या. ते बघितलं का ऐकलं, असं डॉक्टर कुणाला एकदाही म्हणाले नाहीत. एका दुपारी त्यांनी चेअरमनची सुतळी सोडली, पोत्यात घालून सायकलवरून डोंगराकडं नेलं आणि रिकामं पोतं घेऊन आले. माझ्या खिडकीशी सायकल लावून म्हणाले, थोडा वेळ तिथंच बसून राहिली रे, जायचं कुठं ते तिला कळेना.

बदली होऊन जाण्याआधी त्यांनी एक काम केलं. जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर शाईनं पाच चित्रं काढली. नाग, मण्यार, घोणस, फुरसं, आणि शेवटी पायांसकट सापसुरळी. एकाही चित्राखाली नाव नाही. वर फक्त एक ओळ, 'नाव घेऊ नका, बोट ठेवा.' तो कागद त्यांनी आमच्या खिडकीशेजारी खिळ्यांनी ठोकला. लोक आधी हसले. पुढं तीन-चार वर्षांत दोन माणसांनी त्यावर बोट ठेवलं, एकानं मण्यारीवर, एकानं घोणशीवर, आणि दोघंही वेळेत भूमला पोचले. मी स्वतः त्यांना गाडीत बसवलं. त्यानं माझं काही फिटलं, असं मला वाटत नाही.

परवा माझी नात मोबाईलवर वाचून सांगत होती, की घोरपडीच्या तोंडात विषासारखं थोडं काहीतरी असतं असं आता काही शास्त्रज्ञ म्हणतात, काही नाही म्हणतात, पण माणूस काही त्यानं मरत नाही. मला वाटलं, डॉक्टरांना हे ऐकायला हवं होतं. चुकलो म्हणाले असते, आणि त्यातही खूष झाले असते.

त्यांना मी शेवटचं बघितलं ते कळंबच्या स्टँडवर. रिटायर व्हायला आले होते. केस पांढरे, सदरा तोच खाकी. मला त्यांनी लांबूनच ओळखलं, कॅन्टीनमध्ये नेलं, चहा सांगितला. काखेत कागदाची गुंडाळी होती. तीच पाच चित्रं, आता रंगीत. ज्या ज्या दवाखान्यात बदली झाली तिथं लावतो, म्हणाले. इकडं एका गावात सापाला 'दोरी' म्हणतात, एका ठिकाणी 'मामा' म्हणतात, आता आधी ते विचारून घेतो. सोसायटीचं विचारलं, माझ्या गुडघ्यांचं विचारलं. पारूबाईचं नाव दोघांनीही काढलं नाही. चहा आला, अर्धा संपला.

मग कपाकडं बघत ते म्हणाले, "एक मात्र बरं झालं, भानुदास. तुला माहीत नव्हतं. माहीत असतं तर तू बोललाच असतास."

कॅन्टीनच्या ट्यूबलाइटमागं पाल चुकचुकली.

माझं बोट सवयीनं टेबलाकडं गेलं आणि मध्येच थांबलं. खाली टेकेना. मागंही घेता येईना. डॉक्टरांनी त्या बोटाकडं बघितलं, मग माझ्या तोंडाकडं बघितलं. बराच वेळ बघितलं. मला वाटलं आता विचारतील, आणि विचारलं असतं तर मी सांगितलं असतं, देवाशपथ सांगितलं असतं.

त्यांनी विचारलं नाही. स्वतःचं बोट उचललं, एके काळी मी वाजवलं म्हणून ते इतके हसले होते तसंच टेबलावर तीनदा वाजवलं, आणि उरलेला चहा संपवला. मग कागदाची गुंडाळी काखेत मारून उठले.

"चल," म्हणाले, "भूमची गाडी लागली तुझी."

खरंच लागली होती.